एक समाज, चार नोंदी

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. रामनवमीच्या यात्रेला येथे परप्रांतांतूनही भाविक येतात. त्यांची गोरबोली एक, सेवालाल महाराजांवरील श्रद्धा एक; परंतु त्यांची मुले उच्च शिक्षणासाठी अर्ज भरू लागली की नोंदी बदलतात. कर्नाटकातील विद्यार्थी अनुसूचित जातीत, तेलंगणातील अनुसूचित जमातीत आणि मानोऱ्यातील विमुक्त जातीत मोडतो. तोच मानोऱ्याचा विद्यार्थी केंद्रीय संस्थेत गेला की इतर मागासवर्गीय ठरतो.

या भेदाची मुळे इतिहासात आहेत. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाचा व्यवसाय रेल्वेने बुडविला. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे प्रत्येक राज्याने आपापली यादी केली. तेलंगण भागातील लंबाड्यांना १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या वाट्याला ३ टक्के जागा आल्या.

२ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला. त्याच गॅझेटच्या आधारे बंजारा समाजाने अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि मोर्चे निघाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मानोरा वऱ्हाडातले, वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता आणि १९०३ मध्ये तो प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. निजामी राज्याचे गॅझेट मानोऱ्याच्या कामी कितपत येणार?

आदिवासी विद्यार्थ्यांचा या मागणीला विरोध आहे. आपल्या ७ टक्क्यांत मोठा वाटेकरी येईल, ही त्यांची भीती. सीमेपलीकडे आदिलाबादेत २०१७ मध्ये गोंड आणि लंबाडा यांच्यात याच कारणावरून संघर्ष पेटला होता. इकडे बंजारा तरुण राजपूत भामटा या नावाने काढलेल्या बनावट दाखल्यांविरुद्ध आपल्या ३ टक्क्यांचे रक्षण करीत आले आहेत. आपल्या दारी पहारा करणारा तरुण शेजाऱ्याच्या दारी मात्र आगंतुक ठरतो.

विद्यार्थ्यांची मते तत्त्वापेक्षा रांगेतील जागेवरून ठरतात, असे आम्हांस यावरून दिसते. यात दोष त्यांचा नाही. जागाच थोड्या आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार संसदेचा आहे. तो निर्णय व्हावयाचा तेव्हा होईल. तोवर तांड्यावरच्या मुलाने गोंडाच्या जंगलाचा आणि गोंडाच्या मुलाने तांड्याच्या भटकंतीचा इतिहास वाचला, तर निदान मोर्च्यातील घोषणा तरी एकमेकांविरुद्ध राहणार नाहीत.