तारा तुटतो त्याची नोंद

चैत्र सरू लागला की मराठवाड्यात बाजा अंगणात येतात. कोणी माळवदावर अंथरूण टाकतो. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावीही हीच रीत. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीला याच गावी झाला. पडल्या पडल्या आभाळात एखादी तेजाची रेघ उमटते. लेकरू ओरडतं, "तारा तुटला!" म्हातारी म्हणते, "कोणीतरी गेलं, बाबा."

पण तारा तुटत नाही. धूमकेतू आपल्या वाटेवर धूळ सांडत जातो. पृथ्वी त्या वाटेतून जाताना धुळीचे कण हवेत शिरतात आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. हीच उल्का.

दरवर्षी २२ एप्रिलच्या आसपास असा एक वर्षाव होतो. चीनमध्ये इसवी सनापूर्वी ६८७ साली एका रात्री तारे पावसासारखे पडल्याचे लिहून ठेवले आहे. ती नोंद याच वर्षावाची मानतात. दुर्बीण निघायला तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षे अवकाश होता! पुढे १८६१ साली थॅचर नावाचा धूमकेतू दिसला आणि १८६७ साली जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञ गाले यांनी गणिताने दाखवले, की ही धूळ त्याचीच.

जांबच्या ईशान्येला, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आकाशातून आलेल्या मोठ्या पाषाणाच्या आघाताने झाला, हे १९७३ साली पक्के झाले. मात्र घाबरू नका. वर्षावातले कण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत.

आपल्या वाडवडिलांनीही हे तारे पाहिलेच असतील. पण पाहणे विसरले जाते, लिहिलेले उरते. म्हणून गुरुजींना एक सांगणे आहे. चांदणे नसेल अशी रात्र निवडा. दहाच्या सुमारास ईशान्येला अभिजित हा तेजस्वी तारा उगवतो. या वर्षावातल्या उल्का त्याच्याच बाजूने आल्यासारख्या दिसतात. दिवे मालवा, वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. मध्यरात्रीनंतर मुलांना उताणे झोपवून मोजायला लावा. तासाला दहा-पंधरा दिसल्या तरी पुष्कळ. तारीख, वेळ, आकडा वहीत लिहा; एकही दिसली नाही तर तेही लिहा. पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडा.

मग कोणी गेलं का, असं लेकरू विचारणार नाही. आज किती दिसल्या, असं विचारील.