सही कुणाची?

१९३० सालची गोष्ट. आगाखान यांनी ५०० पौंडांचं एक बक्षीस जाहीर केलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने विमान उडवत जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. अट अशी की निघाल्यापासून महिन्याच्या आत पोचायचं. तीन तरुण रिंगणात उतरले. मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि पंचवीस वर्षांचे जेआरडी टाटा. अस्पी तिकडून इकडे येत होता, जेआरडी कराचीहून तिकडे निघाले होते. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरला. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण काय तर स्पार्क प्लग! जेआरडींनी आपल्या जवळचे जादाचे प्लग त्याला दिले. अस्पी कराचीला पोचला आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस घेऊन गेला. पुढे १९६० मध्ये हाच अस्पी हवाई दलप्रमुख झाला.

हा किस्सा आपल्याकडे नेहमी खिलाडूवृत्तीचा म्हणून सांगतात. आहेच तो. पण मी पेशाने इंजिनिअर (सॉफ्टवेअरचा का होईना), त्यामुळे माझं लक्ष जेआरडींच्या सामानाकडे जातं. हजारो मैलांच्या प्रवासाला निघालेला माणूस आपल्या इंजिनाचं काय बिघडू शकतं याचा विचार करून निघाला होता. छोट्या विमानाच्या मालकाला हा विचार तेव्हाही चुकला नाही आणि आजही चुकत नाही.

त्या दोघांच्या जिप्सी मॉथ विमानांना चार सिलिंडरचं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि ठिणगी पाडायला दोन वेगळे मॅग्नेटो. म्हणजे एक बाजू मेली तरी दुसऱ्या बाजूवर इंजिन चालत राहतं. आजही पिस्टन इंजिनाच्या विमानात उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. फेरे थोडेसे उतरले तर ठीक. जास्त उतरले किंवा इंजिन थरथरायला लागलं तर कुठल्या तरी प्लगवर काजळी धरलीय, नाहीतर टायमिंग हललंय. आणि गंमत म्हणजे फेरे अजिबातच उतरले नाहीत तरी शंका घ्यायची! कारण मग स्विच टाकूनही तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये, आणि असा पंखा हाताने नुसता हलवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. डीबगिंगचा इतका चांगला धडा मला कॉलेजात कुणी दिला नाही :-)

आता थोडं आमच्या वाशीमबद्दल. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. जवळची धावपट्टी म्हणजे अकोल्याची शिवणी, आणि ती वाढवायची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. तेव्हा विमानाचा मालक वगैरे प्राणी आम्ही पाहिलेला नाही. पण इंजिनाचा मालक? तो मात्र वावरावावरात आहे. रिसोड तालुक्यात माझ्या काकांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी ते नेमकं बंद पडायचं. काकांचा क्रम ठरलेला. आधी टाकीत डिझेल आहे का बघा. मग फिल्टर. मग पाइपात हवा धरलीय का, असेल तर नट सैल करून हवा काढा. मग नोझल. हे सगळं झाल्यावरच गावातून मिस्त्री बोलवायचा. मिस्त्री आला की काका त्याला आधी "मी काय काय बघितलंय" ते सांगायचे, म्हणजे त्याचा वेळ वाचायचा आणि यांचे पैसे.

विमानाच्या मालकाचा क्रम यापेक्षा फार वेगळा नसतो. फरक पुढे आहे. काकांनी इंजिन चालू केलं की विषय संपला, कुणाची सही लागत नाही. फार तर पाणी एक दिवस उशिरा मिळेल. विमानात मात्र चुकीचा नट दोन हजार फुटांवर सापडतो. म्हणून दुरुस्ती करणं हे एक काम आणि "हे आता उडायला योग्य आहे" असं लिहून सही करणं हे दुसरं काम. छोट्या विमानांचा सगळा इतिहास मला या दुसऱ्या कामाचा इतिहास वाटतो. ही सही कुणी करायची?

सुरुवातीला हे सगळं एका छपराखाली मावत होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी पस मॉथ घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि टाटांची टपालसेवा सुरू झाली. ताफा किती? दोन छोटी विमानं, मोजके पायलट, मोजके मेकॅनिक, आणि ऑफिस म्हणजे जुहूला झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा म्हणून मुक्काम पुण्याला हलवायचा. तरीसुद्धा पहिलं वर्ष संपलं तेव्हा वक्तशीरपणा भरला १०० टक्के, आणि सरकारी अहवालाने त्याचं कौतुक केलं. हे श्रेय पायलटांइतकंच त्या शेडमधल्या मेकॅनिकांचं आहे. त्यांची नावं मात्र आपल्याला पाठ नाहीत.

मग विमानं वाढली, अपघात वाढले आणि नियम आले. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम. देखभालीची सही करणाऱ्या इंजिनिअरला परवाना लागतो ही व्यवस्था त्यातूनच पक्की झाली. १९३४ च्या कायद्याची जागा २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे, पण मूळ विचार तोच. मालक म्हणून तुम्ही विमान पुसा, बघा, आवाज ऐका, तक्रार लिहा. ते उडायला योग्य आहे ही सही परवाना किंवा मान्यता असलेल्या माणसाचीच.

अमेरिकेत २००४ मध्ये यात एक वेगळी वाट काढली गेली. 'लाइट स्पोर्ट' नावाचा वर्ग केला. फार तर दोन सीट, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं वजन ६०० किलोपर्यंत, वेग १२० नॉटपर्यंत. प्रायोगिक लाइट स्पोर्ट विमानाच्या मालकाने १६ तासांचा कोर्स केला की आपल्या विमानाची वार्षिक तपासणी त्याने स्वतः करायची आणि स्वतः सही करायची. दुसऱ्यांच्या विमानांवर काम करायचं तर १२० तासांचा कोर्स. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांत तर वजनाची ती मर्यादाही काढून स्टॉल स्पीडचा निकष आणला.

सोळा तास? मलाही आधी हे भलतंच वाटलं. पण अशा विमानांत बहुतेक वेळा दिसणारं रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियन इंजिन बघा. तेल मोजण्याआधी पंखा हाताने फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड आवाज आला की मगच डिपस्टिक घालायची. नाहीतर तेल इंजिनातच राहतं आणि माप चुकतं. दोन कार्ब्युरेटर आहेत, त्यांचा मेळ बिघडला की आयडलला इंजिन खडखडतं आणि गिअरबॉक्सला त्रास होतो. रबरी पाइप चांगले दिसत असले तरी दर पाच वर्षांनी बदलायचे. यात अगाध असं काही नाही. नेमाने करणं आणि तारखेसकट वहीत लिहिणं, एवढंच. आणि हे तिऱ्हाईतापेक्षा मालक जास्त जिवापाड करतो, कारण सीटवर तोच बसणार असतो.

आता आपल्याकडची गोष्ट. कॅप्टन अमोल यादव. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशाने एअरलाइन पायलट. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. (लाइट स्पोर्टपेक्षा हे बरंच मोठं, पण प्रश्न तोच.) फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी. उडवून बघायची परवानगी २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते प्रत्यक्ष उडालं २०२० मध्ये. म्हणजे सगळ्यांना दाखवलेलं विमान हवेत जायला चार वर्षं. नोंदणीसाठी प्रकरण मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांपर्यंत गेलं, आणि नोंदणीच्या अक्षरांत यादवांनी त्या दोघांची आद्याक्षरं घातली.

बातम्यांत याला 'जिद्दीचा विजय' म्हटलं गेलं. जिद्द होतीच. पण मला त्या आद्याक्षरांचं वाईट वाटतं. विमान सुरक्षित आहे की नाही हा तांत्रिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर रिव्हेट, वेल्ड आणि इंजिनाच्या चाचणीत असतं. त्यासाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागली, याचा अर्थ एकट्या माणसाने बांधलेल्या विमानाला सरळ रस्ता नव्हता. अमेरिकेत ज्याने विमानाचं निम्म्याहून जास्त काम स्वतः केलंय त्याला त्याच विमानाच्या तपासणीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ज्याने जोडलं त्यालाच ते सगळ्यात जास्त कळतं, हा साधा हिशोब.

म्हणजे नियम नकोत असं नाही हं. सहीशिवाय उडणारं विमान माझ्या घरावरून जाऊ नये असंच मला वाटतं. पण नियम दोन तऱ्हेचे असतात. एक विचारतो, "तू कोण?" दुसरा विचारतो, "तू काय तपासलंस? दाखव." दुसऱ्या तऱ्हेच्या नियमापुढे काकांसारखा माणूसही उभा राहू शकतो. त्याला शिकवता येतं, त्याची परीक्षा घेता येते, त्याची वही तपासता येते. पहिल्यापुढे त्याला फक्त ओळख काढावी लागते.

इंजिनाला हात लावायला न घाबरणारी माणसं आमच्या जिल्ह्यात भरपूर आहेत. वहीत तारीख टाकून लिहायची सवय मात्र नाही. आणि ती सवय लागावी असं कारणही त्यांना आजवर कुणी दिलेलं नाही. सोळा तासांचा एक कोर्स, एक वही आणि प्रामाणिकपणे तपासणारा एक अधिकारी. शिवणीची धावपट्टी वाढायची तेव्हा वाढो, याला मात्र एक एकरही जमीन लागत नाही.