धाड

धाड (स्त्री.) : अचानक, बहुधा टोळीने किंवा जमावाने केलेला हल्ला, लूटमारीची चढाई. मूळ संस्कृत ‘धाटी’. गुजरातीतही ‘धाड’ आहे आणि दरोडेखोराला तिथे ‘धाडपाडू’ म्हणतात. मराठीत धाड घालतात किंवा टाकतात. ज्याच्या नशिबी येते त्याच्यावर मात्र ती ‘पडते’.

बुलढाणा जिल्ह्यात हा शब्द नकाशावरही सापडतो. बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की जालना जिल्ह्याच्या हद्दीआधी धाड हे गाव लागतं. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे तिथल्या पोलिसांनी जुगाराचा अड्डा गाठला की बातमीदाराची पंचाईत. ‘धाड पोलिसांची धाड’ कसं लिहायचं? तिथे ‘छापा’च बरा. गावाचं नाव या शब्दावरूनच पडलं, असं मात्र नुसत्या उच्चारावरून धरून चालू नये.

वर्तमानपत्रांत धाड आणि छापा सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण जुना कान त्यांत फरक करतो. छाप्यात गुपित असतं, धाडीत संख्या आणि गलका. 5 एप्रिल 1663च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी लाल महालात शिरले, तो शायिस्तेखानावरचा छापा. त्याला धाड म्हटलं तर खटकतं.

संख्येची ही खूण ‘टोळधाड’ या शब्दात सर्वांत ठळक दिसते. मे 2020मध्ये वाळवंटी टोळ मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले. अमरावतीतल्या मोर्शी-वरूडचा आणि नागपुरातल्या काटोलचा संत्र्याचा पट्टा धास्तावला. दिवसा शेतकऱ्यांनी डबे वाजवले, धूर केला. टोळ रात्री झाडांवर बसतात, म्हणून फवारणी अंधारात किंवा पहाटे, ऊन चढायच्या आत उरकावी लागते. सोयाबीनमध्ये रोह्यांचा कळप घुसला तरी ती धाडच, आणि सुट्टीत न कळवता आलेल्या पाहुण्यांचीही.

‘धाड भरणे’ या वाक्प्रचारात हल्लेखोर उरलेलाच नाही. इथे धाड म्हणजे दुखणं, संकट. ‘सांगून जायला काय धाड भरली होती?’ हा रागाचा प्रश्न. आणि तब्येत विचारल्यावर विळ्यावर मेथी चिरणं न थांबवता आजी म्हणते, ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणजे ती ठणठणीत आहे.