ध्वज, चिपळ्या आणि छडी

हाँगकाँगच्या बंदराकाठी जे सांस्कृतिक केंद्र आहे त्याच्या सभागृहात चिनी वाद्यवृंदाची मैफल सुरू होण्यापूर्वीची दोन-चार मिनिटे मला प्रत्यक्ष मैफलीइतकीच मोलाची वाटतात. एर्हू आणि तिच्या जातीची गजाने वाजणारी वाद्ये पुढच्या बाजूंना, पीपा, रुआन, यांगछिन ही छेडून वा काठीने वाजवायची तंतुवाद्ये मध्यभागी, त्यांच्यामागे बासऱ्या, शेंग व सुओना, आणि सर्वांच्या पाठीशी ढोल-झांजांचा संभार, अशी मांडणी झालेली असते. आणि मग शेंगमधून एक स्थिर, किंचित धातूची छटा असलेला स्वर निघतो व त्याच्याशी बाकीची मंडळी आपापले सूर जुळवू लागतात. शेंग म्हणजे एका वाटीत उभ्या रोवलेल्या बांबूच्या नळ्यांचा जुडगा. प्रत्येक नळीच्या तळाशी एक पातळ जीभ, आणि ती श्वास सोडतानाही बोलते व घेतानाही बोलते. अठराव्या शतकात पेकिंगला राहिलेल्या अमियो या फ्रेंच पाद्र्याने हे वाद्य पॅरिसला धाडले, तिकडे या मोकळ्या जिभेच्या युक्तीवर पुष्कळ प्रयोग झाले, आणि त्या प्रयोगांच्या वंशात जन्मलेली बाजाची पेटी पुढे आपल्या कीर्तनांत व नाट्यगृहांत येऊन बसली. तेव्हा शेंगचा तो पहिला स्वर मराठी कानाला अगदीच परका वाटत नाही, यात नवल नाही.

सूर लागले की संचालक येतो. काळ्या वेषातला एक मनुष्य हातात पांढरी छडी घेऊन चौथऱ्यावर चढतो, आणि ऐंशी-पंच्याऐंशी वादकांच्या नजरा त्याच्या मनगटावर खिळतात. हे दृश्य युरोपातून जसेच्या तसे उचललेले आहे असे प्रथम वाटते, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. परंतु चिनी भाषेत या मनुष्याला जे नाव आहे त्याने माझे कुतूहल चाळवले. ‘झिह्वेई’ हा तो शब्द, आणि सेनेला हुकूम देणाऱ्यालाही तोच लागतो. जुन्या लेखनात त्याचे उत्तरपद ज्या चिन्हाने लिहीत, त्याचा अर्थ आहे निशाण. हे निशाण संगीतात कोठून आले, याचा शोध घेऊ लागले की आपण सरळ राजदरबारात जाऊन पोहोचतो.

चीनच्या राजसत्तेने संगीत हे करमणुकीच्या खात्यात कधीच टाकले नव्हते. स्वर बिघडले तर राज्य बिघडते, अशी तेथील धर्मशास्त्राची दृढ धारणा होती, आणि म्हणून वजने-मापे व पंचांग यांच्या जोडीला स्वरांचाही बंदोबस्त सरकारदरबारी होत असे. हान वंशाचा सम्राट वू याच्या अमदानीत संगीताचे एक स्वतंत्र दप्तर भरभराटीस आले; मुलखोमुलखीची गीते गोळा करणे आणि यज्ञप्रसंगी वादकांचा ताफा पुरवणे ही त्याची कामे. पुढे इ.स.पू. ७ मध्ये काटकसर आणि शुचिता या दोन्ही कारणांनी सम्राट आय याने ते मोडले, तेव्हा त्याच्या आस्थापनेवर ८२९ माणसे होती आणि त्यांपैकी ४४१ जणांना बरखास्त करण्यात आले, अशी नोंद त्या वंशाच्या इतिहासग्रंथात आहे. बाकीच्यांना दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वादकांचा असा हजेरीपट वाचताना मला फार गहिवरून येते. कारण त्यांनी काय वाजवले त्यातला एक सूरही उरला नाही, उरली ती केवळ मोजदाद.

या दरबारी संगीतात स्वराधिकाऱ्याच्या हाती एक ध्वज असे. ध्वज वर गेला की संगीत सुरू होई, ध्वज खाली आला की थांबे. पण ध्वज हा केवळ अधिकाराचा इशारा होता. प्रत्यक्ष आरंभाचा व समाप्तीचा ध्वनी काढण्यासाठी दोन वेगळी लाकडी वाद्ये असत. एक वर रुंद व खाली अरुंद अशी चौकोनी पेटी, तिच्यात दांडक्याने ठोकले की आरंभ. आणि दुसरे म्हणजे दबा धरून बसलेला लाकडी वाघ, ज्याच्या पाठकण्यावरील दात्यांवरून चिरलेल्या बांबूची झाडणी खरखरत नेली की समाप्ती. या दोहोंच्या मध्ये मात्रा कोणी मोजायच्या, वेग कोणी वाढवायचा, याची जबाबदारी त्या ध्वजधारकावर नव्हती. संगीत इतके संथ आणि इतके ठरीव होते की त्याला मध्येच सांभाळावे लागत नसे. १९७८ साली हूपै प्रांतात त्सेंग राज्याच्या यी या अधिपतीची इ.स.पू. पाचव्या शतकातली कबर उघडली, तेव्हा पासष्ट कांस्यघंटांचा संच आपल्या मांडणीसकट सापडला. त्यातल्या घंटा मध्यावर आणि कडेला ठोकल्या तर दोन निरनिराळे स्वर देतात. असल्या घंटांसमोर उभे राहून घाई करण्याची कोणाची छाती होईल?

दरबाराबाहेर मात्र अगदी निराळा दस्तूर होता. शांघाय आणि त्याच्या आसपासच्या यांगत्से-मुखाच्या प्रदेशात हौशी मंडळी चहाच्या दुकानांत एका मेजाभोवती बसून ‘रेशीम आणि बांबू’ या नावाचे संगीत वाजवीत, आणि आजही वाजवतात. रेशीम म्हणजे तारा, बांबू म्हणजे बासऱ्या. श्रोत्यांकडे कोणाचे तोंड नसते. सर्वांची तोंडे एकमेकांकडे, मध्ये चहाचे पेले. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकजण आपल्या वाद्याच्या प्रकृतीप्रमाणे ती नटवतो: बासरीने गुंतवळ वाढवली की एर्हूने हात आखडता घ्यायचा, पीपाने मोकळी जागा सोडली की दुसऱ्याने ती भरायची. आपल्याकडे गायकामागून सारंगी जशी सावलीसारखी, पण स्वतःच्या चालीने, येते, तसेच काहीसे हे. फरक इतकाच की येथे सगळेच सावल्या, आणि मूळ वस्तू कोणाच्याच हाती नाही. लय राखणारा एकजण असतो खरा. त्याच्या एका हातात लाकडी चिपळ्या आणि दुसऱ्या हातात छोट्या ढोलकीवर मारायची काडी. नाटकमंडळीत तर या ढोलकीवाल्याची मुखत्यारी फार मोठी, कारण नटाच्या पावलापासून झांजेच्या ठोक्यापर्यंत सर्व त्याच्या काडीवर चालते. परंतु तो बसलेला असतो, स्वतः वाजवीत असतो, आणि त्याचा हुकूम कानाने ऐकायचा असतो, डोळ्यांनी पाहायचा नसतो.

१९१२ साली मांचू राजवट संपली, दरबारी संगीताचा आश्रय गेला, आणि शिकलेल्या चिनी तरुणांच्या मनात एक बोचरी तुलना सुरू झाली. शांघायच्या परकीय वसाहतीत युरोपीय वाद्यवृंद वाजत होता. त्याच्या पुढे चहाच्या मेजाभोवतालचे आपले सात-आठ वादक त्यांना केविलवाणे वाटू लागले. या शल्यातूनच आजचा चिनी वाद्यवृंद जन्मला असे माझे मत आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही त्या शल्यातूनच आले. १९२० मध्ये झेंग चिन्वेन यांनी शांघायात ‘दातोंग’ संगीतसभा स्थापिली. दातोंग म्हणजे महान ऐक्य. प्राचीन ग्रंथांवरून लुप्त वाद्ये पुन्हा घडवणे आणि त्यांचा मोठा मेळ उभारणे हा या गृहस्थांचा ध्यास. त्यांच्याच सभेत १९२५ साली ‘सायंकाळची बासरी व नगारा’ ही पीपाची एकवादनाची जुनी रचना अनेक वाद्यांसाठी बसवली गेली आणि तिला ‘वसंतातील नदीवरची फुले व चांदण्याची रात्र’ असे नवे नाव मिळाले. आज ज्याला अतिप्राचीन चिनी संगीत म्हणून जगभर ऐकवतात, त्या रचनेचे हे रूप शंभर वर्षांचे आहे.

इकडे पेकिंगमध्ये ल्यू त्यान्ह्वा यांनी १९२७ साली राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी एक मंडळ काढले. एर्हू तोपर्यंत रस्त्यावरच्या भिकाऱ्याचे आणि नाटकातल्या साथीदाराचे वाद्य समजले जाई. सहा कोनांची लाकडी डबी, तिच्या तोंडावर अजगराचे कातडे, वर लांब दांडी, दोनच तारा. आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले, त्यामुळे गज वाद्यापासून कधी सुटतच नाही. बोटाखाली पटरी नाही. तार हवेतच दाबायची. ल्यूंनी या वाद्यासाठी दहा स्वतंत्र रचना केल्या, व्हायोलिनच्या बोटांची रीत त्यात आणली आणि ते विद्यालयात नेऊन बसवले. १९३२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. पेकिंगच्या बाजारपेठेत ढोल-झांजांचे बोल टिपून घ्यायला जात असताना त्यांना ज्वराची लागण झाली होती. वय अवघे सदतीस वर्षांचे होते.

वाद्ये जमली, वादक जमले. पण संचालक खऱ्या अर्थाने आला तो नभोवाणीमुळे. नानकिंगच्या मध्यवर्ती नभोवाणी केंद्रात १९३५ साली चिनी वाद्यांचा एक संच नेमण्यात आला. जपानी आक्रमण झाले, सरकार पश्चिमेकडे चुंगकिंगला हलले, आणि त्याच्या मागोमाग हे वादकही गेले. बाँबफेकीच्या त्या शहरात, १९४२च्या सुमारास, या संचाचा विस्तार झाला. वाद्यांचे विभाग पाडले गेले, प्रत्येक विभागाला वेगळी स्वरलिपी आली, आणि समोर एक संचालक उभा राहिला. चाल सर्वांना तोंडपाठ होती तोवर एकमेकांचे ऐकून भागत असे; एकाने वरचा सूर आणि दुसऱ्याने खालचा वेगळाच सूर धरायचा म्हटल्यावर, दोघांनाही दिसेल असा तिसरा हात अपरिहार्य झाला. आपल्याकडेही दिल्लीच्या आकाशवाणीवर १९५२ साली रविशंकरांच्या संचालनाखाली वाद्यवृंद उभा राहिला, तो अशाच कारणांनी. नभोवाणीला वेळेचा काटा असतो, आणि काट्याला संचालक लागतो.

या परंपरेतला सर्वांत मोठा संचालक पेंग श्यूवेन. जन्म १९३१, मृत्यू १९९६. पेकिंगच्या मध्यवर्ती नभोवाणीचा वाद्यवृंद १९५३ मध्ये स्थापन झाला आणि नुकत्याच विशी ओलांडलेल्या या तरुणाकडे त्याची सूत्रे आली. संचालनाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. लहानपणी एर्हू व पीपा शिकला होता, आणि बाकी सारे ऐकून, पाहून, लिहून. १९५७ साली मॉस्कोच्या युवक महोत्सवात या वाद्यवृंदाने सुवर्णपदक मिळवले. ‘चंद्रामागे धावणारे रंगीत मेघ’ ही शांघायच्या ध्वनिमुद्रिका-मंडळींकडची १९३०च्या दशकातली लहानशी धून त्याने १९६० मध्ये ज्या नजाकतीने मांडली, तिच्यात मला चहाच्या मेजाचा सुवास अजून येतो: प्रत्येक वाद्य आपल्या पाळीची वाट पाहते, कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. पुढे त्याने मुसोर्गस्की आणि स्ट्राविन्स्की यांच्या कृतीही चिनी वाद्यांवर उतरवल्या. तो पराक्रम मी मानतो, पण मला खरा पेंग त्या मेघांतच सापडतो.

या विस्ताराची किंमतही मोजावी लागली. ऐंशी जणांचा आवाज सभागृहभर जावा म्हणून रेशमाच्या तारा जाऊन पोलादी आल्या. रेशमाचा आवाज मंद, किंचित खरखरीत, माणसाच्या गळ्याजवळचा, तो गेलाच. खर्जाचे गजवाद्य परंपरेत नव्हते, म्हणून यांग यूसेन यांनी १९५०च्या दशकात ‘गेहू’ नावाचे चार तारांचे नवे वाद्य घडवले, तरी पुष्कळ वृंदांनी शेवटी युरोपीय चेलोच पत्करला. सुओना तर मूळची आपल्या सनईची बहीण. फारसी ‘सुरना’ हे दोघींचे माहेर. तिचा प्रखर आवाज लग्न-मयतीच्या मिरवणुकीत मोकळ्या आकाशाखाली शोभतो. बंदिस्त सभागृहात तिला चाव्या जोडून, मवाळ करून बसवावे लागले. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तर प्रश्न आवाजाचा राहिलाच नाही. काय वाजवावे याचेच फर्मान वरून येऊ लागले.

हाँगकाँगचा वाद्यवृंद १९७७ मध्ये स्थापन झाला, आणि १९९७पासून यान ह्वेईछांग त्याचे कलासंचालक आहेत. याच वृंदाने अजगराच्या कातड्याऐवजी कृत्रिम पडदा वापरलेली गजवाद्ये तयार करून प्रचारात आणली. अजगराचे रक्षण हा त्यातला एक हेतू. दुसरा व्यवहाराचा, कारण कातडे दमट हवेत सैलावते आणि कोरड्या हवेत ताणते, आणि चाळीस एर्हू चाळीस तऱ्हांनी बोलू लागतात. जुन्या रसिकांना हा बदल रुचला नाही. मला त्यांचे दुःख समजते. तथापि झेंग चिन्वेन आज असते तर त्यांनी आधी तो पडदा बोटाने वाजवून पाहिला असता, असे वाटते.

मैफलीत ती ‘वसंतातील नदी’ लागते तेव्हा मी संचालकाकडे पाहतो. रचनेच्या आरंभी दूरचा नगारा वाजतो, आणि तो वाजवायचा पीपाने: एकच स्वर, आधी एक ठोका, मग थांबणे, मग दुसरा, मग थोडे जवळजवळ, मग अधिक जवळ, सरीसारखे, आणि पुन्हा विरळ. या ठोक्यांना मात्रा नाही. संचालक चौथऱ्यावर उभा असतो, पण त्याची छडी खाली असते, मांडीलगत, आणि सभागृहातील कोणाहीसारखा तोही पीपावादिकेच्या उजव्या हाताकडे पाहत असतो. तिच्या नखाखालून शेवटचा ठोका सुटतो, उभी बासरी तो स्वर हलकेच उचलून घेते, आणि तेव्हा कुठे त्याचा हात वर जातो.