उष्टावण आणि पूरक आहार
उष्टावण : बाळाला अन्नाचा पहिला घास देण्याचा संस्कार, अन्नप्राशन. रूढीनुसार मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात. बहुधा मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवतात. बाळाच्या पोषणाच्या दृष्टीने मात्र पुढचे दीड वर्ष त्या दिवसापेक्षा मोलाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, नंतर पूरक आहार सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावर पाजावे. म्हणून मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात उरकू नये.

सर्वांत मोठी चूक पातळपणाची. वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज ‘पचायला हलकी’ म्हणून मायेनेच दिली जाते. पण बाळाच्या पोटात किलोमागे सुमारे ३० ग्रॅमच मावते. सात किलोचे बाळ दोनशे ग्रॅमला तृप्त होते. पोट पाण्याने भरले की भूक मरते आणि अंगी काही लागत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, दुसऱ्या वर्षी ५५०. खिमट चमचा तिरपा केला तरी ओघळू नये. पण दाट अन्न गिळायला जड जाते. यावर जुना घरगुती तोडगा आहे : मोड आणून वाळवलेल्या, हलक्या भाजलेल्या नाचणीचे पीठ. मोड येताना तयार होणारे अमायलेज पिष्ट फोडते. त्यामुळे पीठ जास्त घालूनही लापशी सरसरीत राहते, गिळायला जड जात नाही. फार खरपूस भाजल्यास हा गुण जातो.

बाळाची वाटी वेगळी असावी, म्हणजे किती खाल्ले ते दिसते. मान फिरवली की थांबावे, थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. दामटून भरवू नये. चहात बुडवलेले बिस्किट नकोच, कारण चहाने लोहाचे शोषण घटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. याचा बोल एकट्या आईला लावणे अन्यायाचे आहे. ऊसतोडीला गेलेली आई पहाटेच फडात उतरते. बाळ कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी असते. दिवसातून तीनदा मऊ शिजवून, थांबून भरवायला वेळ कुठून आणायचा? १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून तीन वर्षांखालील मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. हंगामात मात्र नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि बाळ परजिल्ह्यातल्या फडावर, असे अनेकदा घडते.