घरं सांभाळणाऱ्यांची शाळा
चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाऊसिंगची वाटचाल

ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांचं व्यवस्थापन करणाऱ्यांची ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाऊसिंग’ ही संस्था आपली वंशावळ १९१६ सालापासून सांगते. तिथे जे शिकवलं जातं, त्याचा श्रीगणेशा मात्र त्याआधी पन्नास वर्षं, लंडनच्या मॅरिलबोन भागातल्या पॅरडाइज प्लेस या गल्लीत झाला. वडिलांकडून वारसाहक्काने मिळालेल्या पैशातून कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८६५मध्ये तिथली तीन मोडकळीला आलेली घरं विकत घेतली आणि ऑक्टाव्हिया हिल या सव्वीस वर्षांच्या तरुणीच्या हवाली केली. अट एकच होती. गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. दानधर्म म्हणून केलेलं काम दात्याबरोबर संपतं, पण व्यवहारात बसलेलं काम पाहून दुसरेही पैसे घालतील, असं त्यामागचं गणित होतं.

हाती आलेल्या घरांची अवस्था हिलबाईंनी लिहून ठेवली आहे. भिंतींचा गिलावा ढासळत होता. छतातून गळणारं पाणी धरायला जिन्यावर बादली ठेवलेली होती. जिन्यात मिट्ट काळोख, आणि कठडे तर नव्हतेच, कारण ते भाडेकरूंनी सरपण म्हणून जाळले होते. धुण्याच्या खोलीला कुलूप होतं, कारण आत जुन्या मालकाचं भंगार भरलेलं. मालक भाडं वेळेवर मिळत नाही म्हणून दुरुस्ती करत नव्हता आणि भाडेकरू दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं थकवत होता. हे दुष्टचक्र कुठून तोडायचं, हा खरा प्रश्न होता.

हिलबाईंनी ते दोन्हीकडून एकदम तोडलं. त्या दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडं घ्यायच्या आणि वहीत नोंद करायच्या. थकबाकीच्या बाबतीत त्या अत्यंत कडक होत्या, घर खाली करायला लावायलाही कचरत नसत. पण भाडं घ्यायला गेलेल्या बाईच्या नजरेतून तुंबलेली मोरी आणि फुटलेली काच सुटत नसे. प्रत्येक घरामागे वर्षाची दुरुस्तीची रक्कम ठरलेली असे. तोडफोड कमी होऊन त्यातून पैसे उरले, तर त्या पैशात घरात काय सुधारणा हवी हे भाडेकरूंनीच ठरवायचं. सामाईक जिने आणि बोळ धुवायचं काम वस्तीतल्या मोठ्या मुलींना मजुरी देऊन सांगितलं जाई. हाताला काम नसलेल्या दिवसांत रंगकाम आणि सुतारकाम भाडेकरूंनाच मिळे. रस्किन यांना त्यांचे पाच टक्के मिळाले. १८७४पर्यंत अशा पंधरा वस्त्या आणि सुमारे ३००० भाडेकरू हिलबाईंच्या देखरेखीखाली आले होते.

इतका पसारा एकटीने सांभाळणं शक्य नव्हतं, त्यामुळे माणसं तयार करणं भाग पडलं. हाताखाली घेतलेल्या बायकांना हिशेब, भाडेकराराचा कायदा, गटारं नि नळांची रचना, कंत्राटदाराकडून काम करून घेणं आणि माणसांशी बोलणं हे सगळं एकत्र शिकवलं जाई. ते शिकायची जागा म्हणजे भाडेकरूचा उंबरठा. नवशिकी आधी जुन्या जाणत्या बाईबरोबर फिरायची, मग तिच्या हाती दोन-चार घरं यायची आणि निभावली तर अख्खी गल्ली. १८७२पासून जवळजवळ अखेरपर्यंत हिलबाई आपल्या सहकाऱ्यांना दरवर्षी छापील पत्र पाठवत. त्यात जमाखर्च असे, अडचणी असत आणि नव्या वस्त्यांची माहितीही असे. चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या एक्लेसिअॅस्टिकल कमिशनने १८८४मध्ये साउथवर्कमधली आपली घरं त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा या कामाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळू लागली.

या उंबरठ्याच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. एमा कॉन्स यांनी घरांच्या व्यवस्थापनातून पुढे जाऊन ओल्ड व्हिक नाट्यगृहाला नवं आयुष्य दिलं आणि १८८९मध्ये लंडन काउंटी कौन्सिलमध्ये पोहोचलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. पुढे बिअट्रिस वेब म्हणून गाजलेल्या बिअट्रिस पॉटर यांनी एला पायक्रॉफ्ट यांच्यासोबत गोदीजवळच्या कॅथरिन बिल्डिंग्जमध्ये भाडेवसुली केली. तिथले अनुभव त्यांना समाजशास्त्रीय संशोधनाकडे घेऊन गेले. योहाना तेर म्यूलेन लंडनमध्ये शिकून ॲमस्टरडॅमला परतल्या आणि योर्दान भागात तीच पद्धत रुजवली. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १८९६ साली ‘ऑक्टाव्हिया हिल असोसिएशन’ उभी राहिली.

हिलबाईंच्या विचारांना मर्यादाही होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध होता आणि नगरपालिकांनी घरं बांधून भाड्याने द्यावीत हेही त्यांना मान्य नव्हतं. गरिबांना वळण लावण्याचा त्यांचा सूर आज कानाला खटकतो. १९१२मध्ये त्या गेल्या. गंमत अशी की, त्यांची पद्धत पुढे टिकली ती मताधिकार मिळवलेल्या बायकांच्या हातून आणि नगरपालिकांच्याच घरांत.

संस्था उभी राहते

हिलबाईंनी मागे संघटना ठेवली नव्हती. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या बायका वेगवेगळ्या मालकांकडे विखुरल्या होत्या. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांभोवती कामगारांच्या वसाहती उठल्या आणि त्या चालवायला तयार व्यवस्थापक कमी पडू लागले. त्याच काळात राजघराण्याच्या मालमत्तेतली, रीजंट्स पार्कजवळच्या कंबरलँड मार्केटमधली घरं मॉड जेफरी यांच्याकडे आली आणि ती वसाहत नव्या उमेदवारांची कार्यशाळा बनली. १९१६मध्ये ‘असोसिएशन ऑफ विमेन हाऊस प्रॉपर्टी मॅनेजर्स’ स्थापन झाली. उमेदवाराने अमुक काळ प्रत्यक्ष काम करावं, सर्व्हेअरांच्या संस्थेची परीक्षा द्यावी आणि मगच स्वतंत्र कारभार घ्यावा, अशी शिस्त यातून घडत गेली. आयरीन बार्कले याच वर्तुळातल्या. १९१९च्या कायद्याने व्यवसायांची दारं स्त्रियांना उघडल्यावर १९२२मध्ये त्या ब्रिटनमधल्या पहिल्या महिला चार्टर्ड सर्व्हेअर झाल्या.

१९१९च्याच ॲडिसन कायद्याने नगरपालिकांना घरबांधणीची जबाबदारी आणि सरकारी अनुदान दिलं. दोन महायुद्धांच्या दरम्यान दहा लाखांहून अधिक घरं नगरपालिकांनी बांधली. ती सांभाळायची कोणी, यावरून दोन पंथ पडले. बहुतेक पालिकांमध्ये भाडं खजिनदाराचा माणूस वसूल करी, दुरुस्ती अभियंत्याच्या खात्यात, घरवाटप तिसऱ्याच टेबलावर. भाडेकरूचं गाऱ्हाणं या खात्यातून त्या खात्यात फिरत राही. महिला व्यवस्थापकांचा आग्रह उलटा होता. एका वस्तीचं भाडं, दुरुस्ती, वाटप, तक्रारी हे सगळं एकाच प्रशिक्षित व्यक्तीकडे असावं. १९२७मध्ये चेस्टरफील्डच्या पालिकेने जॅनेट अपकॉट यांना नेमलं, तेव्हा ही पद्धत पहिल्यांदा पालिकेच्या घरांत शिरली.

१९३१मध्ये पालिकांच्या अधिकाऱ्यांनी आपली वेगळी ‘इन्स्टिट्यूट ऑफ हाऊसिंग’ काढली. तिच्यात बहुतांश पुरुषच होते. पुढच्याच वर्षी महिला व्यवस्थापकांचे गट एकत्र येऊन ‘सोसायटी ऑफ विमेन हाऊसिंग इस्टेट मॅनेजर्स’ झाली. पुढची तीन दशकं या दोन संस्था समांतर चालल्या. एकीकडे प्रत्यक्ष कामातली उमेदवारी महत्त्वाची, तर दुसरीकडे खात्याचा अनुभव आणि प्रशासन. दुसऱ्या महायुद्धानंतर पालिकांची घरं झपाट्याने वाढली, तसं वेगळं राहणं अवघड झालं. १९४८मध्ये महिलांच्या सोसायटीने पुरुषांना सदस्यत्व खुलं केलं आणि नावातून ‘विमेन’ शब्द गेला. १९६५मध्ये दोन्ही संस्थांचं विलीनीकरण होऊन ‘इन्स्टिट्यूट ऑफ हाऊसिंग मॅनेजर्स’ उभी राहिली.

विलीनीकरणाने व्यवसायाला एक आवाज मिळाला, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ज्या बायकांनी हा व्यवसाय घडवला होता, त्या वरच्या जागांवरून मागे पडल्या. त्यांच्याबरोबर उंबरठ्यावरचं शिक्षणही मागे पडलं. गृहखाती मोठी होत गेली. अधिकारी फायलीतून वर चढत गेला आणि भाडेकरूची गाठ पडायची ती काउंटरच्या खिडकीत.

बाजार आणि सनद

१९८०च्या हाऊसिंग कायद्याने पालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. चांगली घरं आधी विकली गेली, उरलेल्यांचा गाडा ओढणं कठीण झालं. १९८८च्या कायद्यानंतर हाऊसिंग असोसिएशन म्हणजे ना-नफा गृहसंस्थांना खासगी कर्ज उभारून घरं बांधायला प्रोत्साहन मिळालं आणि अनेक पालिकांनी आपली घरं अशा संस्थांकडे सोपवली. व्यवस्थापकाचं काम रातोरात बदललं. काल भाडं आणि दुरुस्ती पाहणाऱ्याला आज बँकेसमोर ताळेबंद मांडायचा होता, संचालक मंडळ सांभाळायचं होतं, कंत्राटी सेवांचा दर्जा मोजायचा होता. व्यवस्थापन आणि नेतृत्व हे शब्द अभ्यासक्रमात ठळक झाले ते याच काळात.

१९८४मध्ये संस्थेला राजसनद मिळाली आणि १९९४पासून ती ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाऊसिंग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कॉव्हेंट्रीत मुख्यालय असलेली ही संस्था स्वतः पात्रता परीक्षा घेते, प्रमाणपत्रं देते, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिची आशिया-पॅसिफिक शाखा हाँगकाँगमध्ये आहे. २०२१मध्ये तिने व्यावसायिकाच्या अंगी असाव्यात अशा सात गोष्टी जाहीर केल्या. सचोटी, सर्वसमावेशकता, नीतिमत्ता, ज्ञान, कौशल्य, भाडेकरूंची बाजू मांडण्याची तयारी आणि नेतृत्व. यादी चांगली आहे. पण सदस्यत्व ऐच्छिक होतं आणि पात्रतेविना लाखो घरांचा कारभार हाकणं कायद्याने चालत होतं.

दोन घटनांनी ते बदललं. १४ जून २०१७ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला आग लागून ७२ माणसं गेली. आगीच्या धोक्याबद्दल रहिवासी आधीपासून लिहीत होते. सप्टेंबर २०२४च्या चौकशी अहवालात इमारतीच्या बाह्य आवरणाच्या उत्पादकांपासून सरकारी खात्यांपर्यंत अनेकांवर ठपका आहे. त्याबरोबरच, व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेने तक्रार करणाऱ्या रहिवाशांना उपद्रवी ठरवलं होतं, हेही त्यात आहे. दुसरी घटना डिसेंबर २०२०ची. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या ओलीमुळे भिंतींवर वाढलेल्या बुरशीने श्वसनविकार होऊन दगावला. त्याच्या वडिलांनी २०१७मध्ये तक्रार केली, तेव्हा त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगण्यात आलं होतं.

या दोन्ही ठिकाणी ज्ञान दुर्मीळ होतं असं नाही. ओल कशाने येते हे कोणताही अनुभवी दुरुस्ती कामगार सांगेल. कमी होती ती घरात जाऊन भिंतीला हात लावणाऱ्या, भाडेकरूचं ऐकणाऱ्या आणि वरिष्ठांकडे ते रेटून धरणाऱ्या माणसाची. म्हणजे नेमकं तेच, जे १८६५ साली शिकवायला सुरुवात झाली होती.

जुलै २०२३मध्ये सोशल हाऊसिंग (रेग्युलेशन) कायदा झाला. ओल आणि बुरशीसारख्या धोक्यांवर ठरावीक मुदतीत कारवाई बंधनकारक करणाऱ्या तरतुदी ‘अवाबचा कायदा’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा पहिला टप्पा २७ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला. याच कायद्याने इंग्लंडमध्ये सामाजिक गृहसंस्थांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांना आणि अधिकाऱ्यांना मान्यताप्राप्त पात्रता सक्तीची केली. व्यवस्थापकांना चौथ्या स्तराची, तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना पाचव्या स्तराची किंवा फाउंडेशन डिग्री. ऑक्टोबर २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची ठरलेली तारीख, आणि पात्रता मिळवायला पुढे मुदत. ऐच्छिक शिक्षणाला कायद्याचं बळ मिळायला शतकाहून अधिक काळ लागला.

प्रमाणपत्राने सगळं सुटेल, असं मानणं भाबडेपणाचं होईल. या संस्थेचा इतिहास सांगतो की, जेव्हा परीक्षा आणि उंबरठा एकत्र होते, तेव्हा तिने माणसं घडवली. त्यांची फारकत झाली, तेव्हा पदव्या वाढल्या आणि तक्रारी खात्याखात्यांतून फिरत राहिल्या. व्यवस्थापकाला नेतृत्व शिकवायचं तर ते वर्गात सुरू व्हावं, पण कुणाच्या तरी ओल्या भिंतीसमोर तपासलं जावं.

महाराष्ट्रासाठी हा विषय परका नाही. महारेराने २०२३मध्ये स्थावर मालमत्तेच्या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलं पाऊल आहे. पण एजंटाचा संबंध व्यवहारापुरता असतो. त्यानंतर ती इमारत पन्नास वर्षं चालवायची असते. राज्यात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचे पगारी व्यवस्थापक लिफ्टचा करार, अग्निशमन यंत्रणा, संरचनात्मक तपासणी, थकबाकी आणि पुनर्विकासाच्या वाटाघाटी सांभाळतात, बहुतेकदा आधीच्या माणसाकडून कसंबसं शिकून. म्हाडा आणि सिडकोच्या वसाहतींतही परिस्थिती वेगळी नाही. सहकार खात्याने, गृहनिर्माण महासंघांनी आणि महारेराने मिळून सोसायटी व्यवस्थापकांसाठी वर्षभराची उमेदवारी आणि परीक्षा असा जोडअभ्यासक्रम सुरू करावा. इंग्लंडला त्याची सक्ती करायला ७२ बळी आणि एका लहानग्याचा जीव मोजावा लागला. आपण त्याआधी शहाणं व्हायला हरकत नाही.