अमान: कोलंबो १९९६, लाहोर २००९

३१ जानेवारी १९९६ रोजी कोलंबोच्या फोर्ट भागात तमिळ वाघांच्या आत्मघातकी पथकाने स्फोटकांनी भरलेला ट्रक सेंट्रल बँकेवर घातला. ९१ माणसे मेली, सुमारे १,४०० जखमी झाली. क्रिकेटच्या विश्वचषकाला जेमतेम दोन आठवडे उरले होते. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका असे तिघे यजमान होते आणि श्रीलंकेचे काही सामने कोलंबोतच ठरलेले होते.

ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजने तिथे जायला नकार दिला. श्रीलंकेने कडेकोट बंदोबस्ताची हमी दिली, पण ती कामी आली नाही. अखेर दोन्ही सामन्यांचे गुण न खेळताच श्रीलंकेला मिळाले. या संघांना भित्रे म्हणणे तेव्हा आपल्याकडे सोपे होते आणि आपण ते म्हटलेही. मला ते पटत नाही. डिसेंबरात मेलबर्नच्या कसोटीत मुरलीधरनचे चेंडू पंचांनी नोबॉल ठरवले होते. त्यानंतर दोन्ही देशांत इतकी कटुता आली होती की ऑस्ट्रेलियाच्या काही खेळाडूंना धमक्या येत होत्या. दोन आठवड्यांपूर्वी ९१ माणसे जिथे मेली त्या शहरात खेळायला जाऊ की नको, असा विचार कोणी केला तर त्यात गैर काय? एवढेच लक्षात ठेवावे की असा विचार करण्याची मुभा पाहुण्याला असते. फोर्टमधल्या बँकेच्या कारकुनाला ती नव्हती. त्याला कामावर जावेच लागले.

या नकाराला बाकीच्या दोन यजमानांनी दिलेले उत्तर आज कोणाला खरेही वाटणार नाही. १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तानचा एकच संघ कोलंबोत उतरला. कर्णधार अझरुद्दीन. सलामीला सचिन तेंडुलकर आणि सईद अन्वर, गोलंदाजीला वसीम अक्रम, वकार युनूस आणि अनिल कुंबळे. धावफलकावर नोंद आहे: कालुवितरणा, झेल तेंडुलकर, गोलंदाज अक्रम. सामना ४० षटकांचा होता. संयुक्त संघाने तो चार गडी राखून जिंकला, पण निकालाचे महत्त्व त्या दिवशी कोणालाच नव्हते.

भारत-पाकिस्तान सामना म्हटला की आपल्या मोहल्ल्यांवर एक वेगळीच नजर असते. फटाके कोणी वाजवले, कधी वाजवले, टीव्हीसमोर कोण गप्प बसले, याच्या अफवा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर फिरतात. त्या एका दिवशी मात्र हा प्रश्नच उरला नाही. अक्रमला टाळी वाजवली तर ती सचिनलाही होती.

झिम्बाब्वे आणि केनिया मात्र श्रीलंकेत जाऊन खेळले. याच केनियाने २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी हरवले होते. नंतर कँडीत श्रीलंकेने त्यांच्याविरुद्ध ३९८ धावा कुटल्या, ती गोष्ट वेगळी. १७ मार्चला लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर श्रीलंकेने ऑस्ट्रेलियालाच हरवून विश्वचषक जिंकला. अरविंद डिसिल्व्हा नाबाद १०७. लाहोरचे प्रेक्षक उघडपणे श्रीलंकेच्या बाजूने होते.

तेरा वर्षांनी त्याच मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रीलंकेची बस अडवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानचा दौरा रद्द केला होता. त्या जागी श्रीलंकेने यायचे कबूल केले. ‘राष्ट्राध्यक्षांना देतात तसा बंदोबस्त’ असे आश्वासन त्यांना मिळाले होते. ३ मार्च २००९ रोजी सकाळी, कसोटीच्या तिसऱ्या दिवशी, लिबर्टी चौकात सुमारे डझनभर बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. समरवीरा, परनविताना आणि आणखी काही खेळाडू जखमी झाले. मुरलीधरनही त्याच बसमध्ये होता. मागच्या गाडीतले पाकिस्तानी पंच अहसान रझा यांना जबर गोळी लागली. सहा पोलीस आणि दोन नागरिक ठार झाले.

बसचा चालक मेहर मोहम्मद खलील याने गाडी थांबवली नाही. गोळ्यांच्या वर्षावात त्याने ती थेट स्टेडियमच्या आत नेली. पुढे श्रीलंकेत बोलावून त्याचा सत्कार झाला.

इस्लामी फिक्हमध्ये ‘अमान’ नावाचा एक विषय आहे. परमुलखातून आलेल्या माणसाला, मग तो शत्रूच्या गोटातला का असेना, अभय दिले की त्याच्या जिवाची आणि मालाची जबाबदारी आपली. त्याला ‘मुस्तामिन’ म्हणतात. हे अभय फक्त खलिफाच देऊ शकतो असे नाही. सामान्य मुसलमानाने दिलेला शब्दही साऱ्या समाजावर बंधनकारक मानला गेला. मक्केच्या विजयाच्या वेळी उम्मे हानी यांनी आपल्या सासरच्या माणसांना अभय दिले. त्यांचे सख्खे भाऊ हजरत अली त्या माणसांना मारायला निघाले होते, पण पैगंबरांनी उम्मे हानींचा शब्द पाळला. हल्लेखोर धर्माचे नाव घेत होते. पण त्याच धर्माच्या कायद्यात त्या बसमधले सगळे मुस्तामिन होते. सरकारने दिलेली अमान कागदावरच राहिली. ती निभावली सहा शिपायांनी आणि एका ड्रायव्हरने.

नंतर पाकिस्तानचा संघ कित्येक वर्षे ‘घरचे’ सामने दुबई, शारजा आणि अबुधाबीत खेळला. सप्टेंबर २०१९ मध्ये श्रीलंकेचा संघ मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठी जायला निघाला तेव्हा दहा खेळाडूंनी नाव मागे घेतले. मंडळाने कोणावर सक्ती केली नाही. जे गेले त्या नवख्यांनी लाहोरमध्ये टी-ट्वेंटीची मालिका ३-० अशी जिंकली. नकार देणाऱ्यांत दिमुथ करुणारत्नेही होता. तोच ११ डिसेंबरला रावळपिंडीत कसोटी संघाचा कर्णधार म्हणून नाणेफेकीला उभा राहिला. दहा वर्षांनी पाकिस्तानात होणारी ती पहिली कसोटी. तिचा बराचसा खेळ पावसाने वाया घालवला.